अनामत परत देण्याची तारीख करारात का नसते?

महाराष्ट्रातल्या राहत्या घराचा कुठलाही नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायच्या परवानगीचा, करार काढून वाचा. घर कधी सोडायचं ते त्यात तारखेनिशी लिहिलेलं असतं. त्या तारखेनंतर राहिलात तर दुप्पट दरानं पैसे भरावे लागतील, हेही असतं. अनामत रकमेबद्दल मात्र ‘घर रिकामं केल्यावर, देणी वजा करून परत केली जाईल’ एवढ्यावर बोळवण होते. किती दिवसांत परत करायची, कुठली देणी धरायची, ती कुणी ठरवायची आणि उशीर झाला तर काय, यावर एक अक्षर नसतं. करार लिहिणाऱ्याचा हलगर्जीपणा म्हणून याकडे बघून चालणार नाही. आपल्या कायद्यानं मालकाला घर परत मिळावं याचा बारकाईनं विचार केला आणि राहणाऱ्याला पैसे परत मिळावेत याचा केलाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ही उणीव भरून काढता येते, आणि त्यासाठी मालकांचा एकही हक्क काढून घ्यावा लागत नाही.

मालकांची भीती खोटी नव्हती, हे आधी मान्य करायला हवं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. टंचाईच्या दिवसांपुरती केलेली सोय अर्धं शतक चालली. भाडं चाळीसच्या दशकातलं आणि दुरुस्तीचा खर्च त्या त्या वर्षाचा, असा हिशोब होता. भाडेकरूच्या पश्चात घर त्याच्याच कुटुंबाकडे राहायचं. स्वतःची जागा हयातीत परत मिळेल ही आशा मालकांनी सोडली आणि पागडीचा, म्हणजे जागेसाठी भाड्याव्यतिरिक्त एकरकमी पैसे घेण्याचा, व्यवहार फोफावला. मग वाट काढण्यासाठी लोक जागा भाड्यानं न देता ‘वापरायची परवानगी’ देऊ लागले, कारण परवानगी भाडे नियंत्रणाच्या कक्षेत येत नव्हती. १९७३ साली सरकारनं कायद्यात दुरुस्ती केली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी ज्यांची परवानगी चालू होती व जागा ताब्यात होती, त्यांना संरक्षित भाडेकरूचा दर्जा दिला. राहणाऱ्यांच्या दृष्टीनं तो न्याय होता, पण मालकांनी त्यातून घेतलेला धडा दोन पिढ्या टिकला: कागदावर काहीही लिहा, घर दिलं की गेलं. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी आढळली. त्याची कारणं अनेक असतील, पण घर गमावण्याची ही भीती त्यांतलं एक आहे, याबद्दल मला शंका नाही.

३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नं ही कोंडी फोडली. या कायद्याच्या कलम २४ नुसार राहण्यासाठी परवानगीनं दिलेल्या घराची मुदत संपली की ते परत मिळवण्याचा मालकाला हक्क आहे. त्यासाठी वर्षानुवर्षं दिवाणी न्यायालयात खेटे घालायला नकोत. सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत राहणाऱ्यानं प्रतिज्ञापत्र देऊन लढण्याची परवानगी मिळवायची. ती मिळाली नाही, तर मालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. आदेशावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण, म्हणजे वरून होणारी मर्यादित फेरतपासणी, आहे. मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाला दुप्पट दरानं नुकसानभरपाई आहे. ही तरतूद कठोर आहे, आणि तरीही ती असायला हवी असं मला वाटतं. मुंबई-पुण्यात नोकरीसाठी आलेल्यांना आज भाड्याचं घर मिळतं, कारण ते परत मिळेल असा भरवसा या कलमानं मालकांना दिला आहे.

याच कलमाच्या स्पष्टीकरणात एक वाक्य आहे आणि ते करारावर सही करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. परवानगीचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जाईल, असं ते सांगतं. याचं वजन समजण्यासाठी १९५९ चा असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवावा. दिल्लीच्या हॉटेल इंपीरियलमधली एक जागा केशकर्तनालयासाठी दिली होती आणि कागदावर ती परवानगी होती. न्यायालयानं कागदावरच्या नावापेक्षा प्रत्यक्ष व्यवहार काय आहे ते पाहिलं, आणि तो भाडेपट्टाच ठरवला. महाराष्ट्रात राहत्या घराच्या परवान्यापुरती ही खिडकी कलम २४ नं जवळपास बंद केली आहे. कागदात लिहिलंय तेच खरं. बोलण्यात मालकानं काय कबूल केलं, एजंट काय म्हणाला, याला मग फारसा अर्थ उरत नाही. आणि जिथे लिहिलेला शब्द एवढा निर्णायक आहे, तिथेच आपण तो सगळ्यात कमी वाचतो. एजंटाचा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो, फोटो निघतो, बोटं टेकवली जातात आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं उरकतं. करार वाचायची वेळ भांडण झाल्यावरच येते.

परवाना म्हणजे नेमकं काय मिळतं, हेही बहुतेकांना ठाऊक नसतं. भाडेपट्ट्यात मालमत्तेतला हितसंबंध काही काळापुरता दुसऱ्याकडे जातो. परवान्यात असं काहीच जात नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार ती फक्त एक मुभा आहे. घर चालू मुदतीत विकलं गेलं, तर कलम ५९ प्रमाणे नवा मालक त्या परवान्यानं बांधला जात नाही. कलम ६० प्रमाणे काही अपवाद सोडता परवाना देणारा तो मागे घेऊ शकतो. पैसे घेऊन दिलेला परवाना राहणाऱ्याची चूक नसताना मध्येच मागे घेतला, तर कलम ६४ खाली भरपाई मागता येते, पण ती दावा लावून. मुलांच्या शाळा बघून, सामान लावून एखादं कुटुंब ज्या छपराखाली राहायला येतं, त्याचा कायदेशीर पाया एवढाच असतो. म्हणूनच ज्या गोष्टी भाडेपट्ट्यात कायद्यानं आपोआप येतात, त्या परवान्यात शब्दाशब्दानं लिहून घ्याव्या लागतात. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये भाडेकरूनं जागा होती तशी परत द्यावी असं आहे, पण रोजच्या वापरानं होणारी झीज त्यातून वगळली आहे. ते कलम भाडेपट्ट्याचं आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात झिजेचा उल्लेख नसेल, तर भिंतीवरचा खिळा आणि नळाला चढलेलं क्षाराचं पूट अनामतीतून वजा होऊ शकतं, आणि होतंच.

आता अनामतीकडे येतो, कारण सगळ्यात उघड अन्याय तिथे आहे.

करार नोंदवताना मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाच वर्षांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला ते ०.२५ टक्के आहे. ते कशावर मोजतात पाहा. पूर्ण मुदतीचं भाडं घेतात आणि त्यात परतीच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के दरानं होणारं व्याज मिळवतात. महिना २० हजार भाडं, ६० हजार अनामत आणि ११ महिन्यांची मुदत असेल, तर २ लाख २० हजार भाडं आणि साडेपाच हजार व्याज मिळून २ लाख २५ हजार ५०० वर शुल्क लागतं. ते ५६४ रुपयांच्या आसपास जातं. रक्कम किरकोळ आहे. पण त्यामागचं गृहीतक किरकोळ नाही. ही अनामत मालकाकडे पडून राहत नाही, ती त्याला वर्षाला १० टक्के मिळवून देते, असं राज्य सरकार स्वतः धरून चाललं आहे. त्या मानलेल्या उत्पन्नावर सरकार आपला वाटा घेतं. ज्याचे पैसे आहेत त्याला मात्र व्याज तर सोडाच, मुद्दल कधी मिळेल याची तारीखही हेच सरकार देत नाही.

आणि ती नाही मिळाली तर? मालकाला घरासाठी सक्षम प्राधिकाऱ्याचा जलद मार्ग आहे. अनामतीसाठी तो मार्ग राहणाऱ्याला खुला नाही. त्याला वकिलाची नोटीस आणि नेहमीचा दिवाणी दावा हाच रस्ता. साठ हजारांसाठी तो रस्ता कोण धरतो? बदली होऊन दुसऱ्या शहरात गेलेला माणूस तारखांना येणार नाही, हे मालकाला माहीत असतं. वरच्याच उदाहरणातले आकडे घेतले, तर राहणारा मुदतीनंतर एक दिवस थांबला की त्याच्या नावावर सुमारे तेराशे तेहतीस रुपये चढतात. मालकानं साठ हजार रुपये तीन महिने अडकवले, तर कराराप्रमाणे त्याच्या नावावर शून्य चढतं. दोघांनी एकाच कागदावर बोटं टेकवली होती.

यावर मालकांचं उत्तर असतं की अनामत हाच आमचा एकमेव आधार आहे. थकलेलं वीजबिल, फुटलेलं कमोड, बुडवलेलं भाडं, सगळं त्यातूनच वळतं करावं लागतं. हे खरं आहे. शेवटचे दोन-तीन महिने भाडं न देता ‘डिपॉझिटमधून घ्या’ असं सांगून निघून जाणारी माणसं आहेत, आणि त्यांच्यामागे महावितरणचं बिल भरत बसलेले मालकही आहेत. पण शेवटचं भाडं अनामतीत जिरवायची ही सवय कुठून आली? पैसे परत मिळतील याची खात्री नसल्यामुळेच राहणारा आधी आपली बाजू सुरक्षित करतो. त्यानं भाडं थांबवलं की मालकाच्या हातात नुकसानीसाठी काहीच उरत नाही, मग पुढच्या वेळी मालक अनामत वाढवून मागतो. या रेट्यात दोन प्रामाणिक माणसंही एकमेकांना फसवं समजू लागतात. परतीची तारीख आणि वजावटीचे नियम ठरले, तर ज्या मालकाचं खरोखर नुकसान झालंय त्याची बाजू भक्कम होते, कारण मग वजावट त्याच्या मर्जीवर नव्हे, तर दोघांनी आधीच मान्य केलेल्या यादीवर उभी असते.

यादी म्हणजे खरी यादी. करारात सामान मोजलेलं असतं, पंखे इतके, दिवे इतके, गिझर एक. त्यांची अवस्था लिहिलेली नसते. गिझर चालू होता की नाही, स्वयंपाकघराच्या ओट्याला तडा आधीचा की नंतरचा, बाथरूमच्या भिंतीला ओल होती का, यावरच सगळी भांडणं होतात. ताबा घेण्याच्या दिवशी दोघांनी मिळून मोबाईलवर काढलेले फोटो आणि त्याखाली दोघांची कबुली एवढ्यानं निम्मे वाद जन्मालाच येणार नाहीत. रंगकामाच्या नावाखाली एका महिन्याचं भाडं कापण्याची पद्धत तर सरळ बंद व्हायला हवी. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाची रक्कम लिहिली असली, तरी करारभंगासाठी त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते. घरात राहणं हा करारभंग नाही.

केंद्र सरकारनं यावर विचार केलेला आहे. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्याला मंजुरी दिली. राहत्या घरासाठी अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं, आणि रिकामा ताबा घेतला त्याच दिवशी देणी वजा करून ती परत, असं त्यात आहे. घरात यायचं तर मालकानं २४ तास आधी कळवायचं. कुठली दुरुस्ती कुणाची, याचं परिशिष्टच जोडलेलं आहे: भिंतींचा रंग, नळाच्या पाइपा आणि विजेचं वायरिंग मालकाकडे, नळाचे वॉशर, स्विच-सॉकेट, गिझर, तुंबलेली मोरी राहणाऱ्याकडे. पण हा नमुना आहे. राज्यानं तसा कायदा केला तरच तो लागू होतो. तो जसाच्या तसा उचलावा असं मी म्हणणार नाही, कारण घर परत मिळवण्याची आपली पद्धत स्थिरावलेली आहे आणि ती विस्कटण्यात शहाणपण नाही. त्यातली अनामतीची आणि दुरुस्तीची तरतूद तेवढी १९९९ च्या कायद्यात आणावी.

अशी मर्यादा घातली तर मालक पुन्हा घरं बंद ठेवतील, असं लगेच सांगितलं जाईल. मला हे पटत नाही. १९७३ नंतर घरं बंद झाली ती ताबा जाईल या धास्तीनं. कलम २४ जागेवर असताना ती धास्ती परत येण्याचं कारण नाही. आणि या व्यवहारात सरकारनं पूर्वी मर्यादा घातलेली आहेच. भाड्यानं दिलेल्या सदनिकेसाठी सोसायट्या मालकांकडून मनमानी बिनभोगवटा शुल्क उकळत होत्या. १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानं सरकारनं ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर आणलं, आणि मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश उचलून धरला. तिथे मालकाला सोसायटीच्या मनमानीपासून वाचवलं. तोच न्याय राहणाऱ्याला लावायला कुठली अडचण आहे?

अकरा महिन्यांचा मुद्दाही इथेच निकालात काढतो. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार सक्तीची, म्हणून लोक अकरा महिन्यांचे कागद करू लागले. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नं ही पळवाट कधीच बंद केली आहे. इथे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं मानलं जातं, ते खोटं ठरवण्याची जबाबदारी मालकावर येते. तेव्हा स्टॅम्पपेपरवर नोटरी करून ‘एवढं पुरे’ म्हणणारा मालक स्वतःचाच पाय कापून घेतो. मग अकरा महिने का? निव्वळ सवय, आणि दर नूतनीकरणाला मिळणारी दलाली. दोन्ही बाजूंचं जमत असेल तर दोन-तीन वर्षांचा करार करावा, वाढ आधीच लिहावी. मुलांच्या शाळेचं वर्ष मध्येच तुटत नाही आणि मालकाचं घर रिकामं पडत नाही.

‘दोघांनी आपसात ठरवावं, सरकार कशाला?’ हा आक्षेप मला सगळ्यात पोकळ वाटतो. आठवड्याभरात नोकरीवर रुजू व्हायचंय, लॉजचा खर्च अंगावर आहे, एजंटानं तयार मसुदा पुढे केलाय, अशा माणसाकडे आपसात ठरवायला काय असतं? आडनाव, धर्म, लग्न झालंय की नाही यावरून चार घरांनी नाकारलेल्या मुलीला पाचव्या घराच्या अटींवर घासाघीस करता येत नाही. बळ समान नसतं तिथे छापील मसुदाच कायदा बनतो. म्हणून तो मसुदा न्याय्य असणं ही सार्वजनिक बाब आहे.

अनामतीची कमाल मर्यादा ठरवायला आणि अनामतीचे दावे सक्षम प्राधिकाऱ्याकडे न्यायला विधिमंडळाची दुरुस्ती लागेल, ती व्हावी. पण नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन अर्जात घराचा पत्ता, क्षेत्रफळ, भाडं, अनामत हे सगळं आजही भरून घेतलं जातं. त्यात अनामत परतीची मुदत आणि घराच्या अवस्थेची यादी हे दोन रकाने वाढवणं अवघड नाही. आणि तेवढ्यासाठीही थांबायची गरज नाही. पुढच्या करारात दोघांच्या संमतीनं हे वाक्य घालता येतं: ‘ताबा परत दिल्यापासून सात दिवसांत अनामत, वजावटीच्या पावत्यांसह, परत केली जाईल, उशीर झाल्यास त्या रकमेवर वर्षाला १० टक्के दरानं व्याज द्यावं लागेल.’ हा दर मी मनानं काढलेला नाही. मुद्रांक शुल्क मोजताना सरकार तोच धरतं, आणि मालकानंही तो मान्य करूनच करार नोंदवलेला असतो.